सहाव्या थांब्यावरची बिजागरी

जून महिन्याचा पहिला रविवार. सुरुवात पहाटे चार पन्नासला, शेवट आठ वाजून दहा मिनिटांनी. हवा कोरडी, वारा नाही. एकूण जाती अडतीस. हजर: सिस्टर, अभय, मेधा आणि मी. दंड आठ पुऱ्या; पैकी सहा अभयकडून, दोन मेधाकडून.

हे आमच्या वहीतलं आठव्या वर्षाचं पान. अक्षर माझं आहे. त्यातला अडतीस हा आकडा चुकीचा होता आणि मेधाच्या दोन पुऱ्या अन्यायानं घेतल्या गेल्या होत्या. हे कळायला पुढं एक वर्ष लागलं.

मेधा माझी बायको. अभय नागपूरचा, रीडिंग शहरात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी पेन्शनचे हिशेब करणाऱ्या कंपनीत चोवीस वर्षं काढली आहेत. पक्ष्यांतलं मला काही कळत नव्हतं, आजही बेताचंच कळतं. मला वहीसाठी घेतलं होतं. सिस्टरना स्वच्छ अक्षराचा आणि आकड्यांत लबाडी न करणारा माणूस हवा होता.

सिस्टर मूळच्या मिरजेच्या. बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात चौतीस वर्षं त्या मिडवाइफ होत्या. निवृत्त झाल्यावर रीडिंगच्या पश्चिमेला, कालव्याकाठच्या एका गावात त्यांनी दोन खोल्यांचं घर घेतलं. लग्न केलं नव्हतं. का, असं अभयनं एकदा विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "बाराशेच्या वर बायकांच्या नवऱ्यांना मी त्यांच्या सगळ्यात वाईट वेळी बघितलंय, लेका." मराठी मंडळाच्या संक्रांतीत आमची ओळख झाली. मी तिळगुळाचे हिशेब तपासत होतो. त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून कागद पाहिला आणि विचारलं, "पहाटे उठतोस?"

गावाभोवतीच्या पायवाटेवर त्यांचे दहा थांबे ठरलेले होते. प्रत्येक थांब्यावर पाच मिनिटं, एक सेकंद कमी नाही, एक सेकंद जास्त नाही. नर्सेसचं छातीवर उलटं लटकवायचं घड्याळ त्यांनी अजून ठेवलं होतं. ते स्वेटरला टाचलेलं असायचं. वर्षभर त्या एकट्याच फिरत, पण जूनच्या पहिल्या रविवारी मोजणी असे आणि तिचा तक्ता देशभरच्या पाहणीला जाई. त्या दिवशी आम्ही तिघं हजर राहायचं.

पहिल्या वर्षी मी नवं रेनकोटाचं जॅकेट घालून गेलो. एकशे वीस पौंडांचं होतं. सिस्टरनी मला दोन पावलं चालायला लावलं, मग थांबवलं.

"हे काय वाजतंय?"

"जॅकेट आहे."

"काढ."

"सिस्टर, सहा डिग्री आहे."

"नायलॉन खसखसतं. तुला थंडी वाजली तर तू मरत नाहीस. मला वटवट्या ऐकू आला नाही तर तो मेल्यात जमा."

मी तीन तास वीस मिनिटं स्वेटरवर काढले. जॅकेट त्यांनी घडी घालून चर्चच्या बाकावर ठेवलं होतं, ते परत येताना घेतलं. तेव्हापासून आम्ही सगळे लोकरीत जातो.

त्या दुर्बीण वापरत नसत. अभयकडं मोठी दुर्बीण होती आणि तिचा त्यांना राग होता. "बाळ पोटात असताना दिसतं का?" त्या विचारायच्या. "नाही ना? तरी मी सांगायची, ठोके एकशे चाळीस, सगळं ठीक आहे. डोळ्यांना वाटतं ते दिसतं. कानाला असेल तेच ऐकू येतं." थांब्यावर पोचलं की एक तळवा फाटकावर किंवा झाडाच्या बुंध्यावर सपाट ठेवायचा, डोळे मिटायचे आणि घड्याळ उचलायचं. मग एकामागून एक घोषणा, प्रसूतिगृहात जन्माची वेळ सांगतात त्याच सुरात: "चंडोल. नर. पाच वाजून चार. आवाज खणखणीत." "ब्लॅकबर्ड. नर. पाच वाजून चार. घसा बसलाय, पण आहे." मी लिहायचो. 'आवाज खणखणीत' हा रकाना पाहणीच्या छापील तक्त्यात नव्हता. तो आमच्या वहीत होता.

त्यांच्या पिशवीत लाकडाची एक वीतभर नळी असे, एका टोकाला कर्ण्यासारखी पसरलेली. बाळाचे ठोके ऐकायला पूर्वी मिडवाइफ ही नळी पोटाला लावत. चौथ्या वर्षी तिसऱ्या थांब्याजवळच्या ओकच्या झाडात सुतार पक्ष्याची ढोली होती. आई चारा आणायला गेलेली बघून सिस्टर पुढं झाल्या, नळी बुंध्याला लावली, कान टेकला. दहा सेकंद. मागं आल्या तेव्हा चेहरा असा, जणू आम्ही हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उभे असलेले नवरे आहोत.

"चार," म्हणाल्या. "कदाचित पाच. एक दांडगट आहे, दुसऱ्याला बोलू देत नाही. अभिनंदन."

अभयनं खरोखर टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचा दंड दोन पुऱ्या.

दंडाचं सांगायला हवं. मोजणीच्या दिवशी मेधा तिखटमिठाच्या पुऱ्या करायची, माणशी दहा, चार डब्यांत. जो नसलेला पक्षी सांगेल त्यानं आपल्या डब्यातल्या दोन पुऱ्या सिस्टरना द्यायच्या. न्यायाधीश सिस्टर आणि दंड जमाही सिस्टरकडंच, ही व्यवस्था मला पहिल्यापासून खटकली होती आणि मी ती बोलूनही दाखवली होती. पण सिस्टरना स्वैपाक येत नव्हता. पुऱ्यांवर त्यांचा जीव होता आणि अभय असल्यामुळं त्यांची सोय होत होती.

अभयला दुर्मीळ पक्षी दिसत. घारी म्हणजे आमच्याकडं कावळ्यांइतक्या. रीडिंगच्या आकाशात कधीही मान वर करा, लाल घार असतेच. अभयला त्यांत गरुड दिसायचा.

"सिस्टर, गरुड! आईशपथ गरुड! एवढे मोठे पंख आहेत ना!"

"शेपटी बघ. मधोमध खाच आहे का?"

"आहे थोडीशी."

"मग घार. दोन पुऱ्या."

"अहो, पण तो गरुडासारखा बघून राहिला होता ना माझ्याकडं!"

"तू डबा उघडलास म्हणून बघत होती."

नऊ वर्षांत अभयनं चौऱ्याहत्तर पुऱ्या भरल्या. पहिल्याच वर्षी त्यानं विचारलं होतं, "आणि सिस्टर, तुम्हीच चुकलात तर?"

"तर दुप्पट," त्या म्हणाल्या. "प्रत्येक चुकीला चार." हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. त्याची गरज पडली नव्हती.

ज्याच्या शेतातून आमची वाट जाते तो शेतकरी इंग्रज, साठीचा, बोलायला कमी. तोही त्यांना सिस्टरच म्हणायचा. गवत कापायच्या आधी कुंपणापाशी येऊन टोपी काढायचा. "मॉर्निंग, सिस्टर. वेअर आर दे धिस इयर?" सिस्टर त्याला चंडोलाची घरटी कुठं आहेत ते दाखवत, तिथं बांबू रोवून लाल फीत बांधलेली असे आणि त्याचं यंत्र त्या प्रत्येक बांबूला मोठा वळसा घालून जाई. शेताचा नकाशा वरून काढला असता तर कुणी तरी गोधडीला ठिगळं लावल्यासारखा दिसला असता. एकदा मी त्याला विचारलं, ह्यात तुझं किती गवत जातं? त्यानं आकडा सांगितला नाही. म्हणाला, त्याच्या मुलीच्या जन्माच्या वेळी असं ठामपणे सांगणारं कुणी असतं तर बरं झालं असतं.

आता सहावा थांबा. हा चर्चच्या मागच्या फाटकापाशी आहे, तिथं यू वृक्षांची जुनी रांग आहे, इतकी दाट की खाली दुपारीही अंधार. आठव्या वर्षी आम्ही तिथं उभे होतो. सिस्टरचे डोळे मिटलेले. मेधा पक्ष्यांसाठी येत नसे, आपल्या पुऱ्यांचं काय होतं ते बघायला येत असे. ती हळूच म्हणाली, "काहीतरी करकरतंय. बारीक. वरती."

सिस्टरनी पूर्ण एक मिनिट ऐकलं. "काही नाही. फाटकाची बिजागरी असेल."

"वरती आहे हो."

"बिजागरी. दोन पुऱ्या."

मेधाच्या कानांबद्दल मला माहीत असायला हवं होतं. आमच्या घरात फ्रिजचा आवाज बदलला तर तिला माडीवरून कळतं. शेजाऱ्यांच्या नळाची गळती तिनं शेजाऱ्यांच्या आधी ओळखली होती. पण सिस्टरसमोर मेधाचं कोण ऐकणार? खरं सांगायचं तर मलाही काहीतरी ऐकू आल्यासारखं झालं होतं. सिस्टर नाही म्हणाल्या, म्हणून मी ते सोडून दिलं. पुढं वर्षभर घरात मी कशातही चूक काढली की मेधा म्हणायची, "बिजागरी असेल."

नवव्या वर्षी सहावा थांबा आला आणि मेधानं फाटकाकडं बघितलं.

"तुमची बिजागरी अजून करकरतेय, सिस्टर. तेल घाला कुणीतरी."

"कुठं?"

"आत्ता. हे बघा, आत्तासुद्धा!"

सिस्टरनी तळवा फाटकावर ठेवला, डोळे मिटले. बराच वेळ गेला. "फाटक बंद आहे, वारा नाही. बिजागरी वाजेलच कशी? काही नाही. दोन पुऱ्या."

नवव्या थांब्यावर, कालव्याकाठच्या लव्हाळ्यात, मेधा म्हणाली की कुणीतरी मासे पकडायच्या गळाचं रीळ गुंडाळतंय, थांबतच नाहीये. काठावर कुणीही नव्हतं. अजून दोन पुऱ्या. त्या वर्षीची एकूण बेरीज छत्तीस.

 घराशी आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "चाललेत रे सगळे. लहान लहान आधी चाललेत." पाहणीच्या तक्त्यावर शेरा मारायला जागा असते. तिथं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं की चर्चच्या झाडांतला गोल्डक्रेस्ट दोन वर्षं नाही, नाहीसा झाला असं धरावं.

माझ्या डोक्यात मात्र त्यांचंच वाक्य अडकलं होतं. फाटक बंद, वारा नाही, बिजागरी वाजणं शक्य नाही. हे तिन्ही खरं. मग मेधानं ऐकलं ते काय?

घरी येऊन मी नऊ वर्षांची पानं एका तक्त्यात उतरवली. पहिली सात वर्षं बेरीज एकोणचाळीस ते त्रेचाळीसच्या मध्ये. मग अडतीस, मग छत्तीस. गळालेली नावं चारच: गोल्डक्रेस्ट, ट्रीक्रीपर, खंड्या आणि रातकिड्यासारखा गाणारा एक वटवट्या. त्याआधी ही चारही एकाही वर्षी चुकली नव्हती. रानच ओसाड होत असतं तर चंडोल कमी झाले असते, ब्लॅकबर्ड कमी झाले असते. ते होते तेवढेच होते. खंड्या पाण्यातले मासे खातो, गोल्डक्रेस्ट झाडावरचे किडे. एक कालव्यात, एक यू वृक्षात. त्यांचं एकत्र नाहीसं होण्याचं कारण मला सापडेना. मग मी चौघांच्या आवाजाची माहिती काढली. वटवट्याचं गाणं तर गळाचं रीळ गुंडाळल्यासारखंच असतं, असं लिहिलं होतं. चौघांत सारखी गोष्ट एकच होती. चौघांचा आवाज अतिशय बारीक, शिट्टीच्याही वरचा. आणि वय वाढलं की माणसाच्या कानातून पहिल्यांदा तेच जातं.

सिस्टर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या.

मोजणीला फोन न्यायला बंदी होती. तो नियम मी मोडला नाही. मी आणि मेधा मंगळवारी गेलो. मंगळवारी मोजणी नव्हती. पहाटे साडेपाच, सहावा थांबा. मेधानं बोट वर केलं. फोनमधल्या आवाज ओळखणाऱ्या ॲपनं नाव दाखवलं: गोल्डक्रेस्ट. इथला सगळ्यात लहान पक्षी, वजन पाच-सहा ग्रॅम.

"बिजागरी," मेधा म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "त्यांना सांगायचं नाही."

"तक्ता चुकीचा गेलाय."

"जाऊ दे तक्ता! त्या बाईकडं दुसरं काय आहे? हे कान काढून घेतलेस तर त्या पहाटे उठणार कशासाठी?"

"आणि न सांगितलं तर? दरवर्षी एकेक पक्षी मेला म्हणून लिहीत बसतील. जिवंत पक्षी."

आम्ही तीन दिवस ह्यावर बोललो. शुक्रवारी संध्याकाळी सिस्टरच्या स्वैपाकघरात त्यांनी केलेला, पाण्यासारखा चहा घेऊन बसलो. मी तक्ता टेबलावर ठेवला. प्रस्तावना मला जमत नाही.

"सिस्टर, पक्षी कमी झालेले नाहीत. तुमचे कान कमी झालेत."

मेधानं टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली. ती जागा दोन दिवस दुखत होती.

सिस्टरनी चष्मा लावला. तक्ता जवळ ओढला. एकेका ओळीवरून बोट फिरवत गेल्या. मंगळवारची नोंद दोनदा वाचली. मला त्यांच्या छातीवरचं घड्याळ ऐकू येत होतं आणि आता मनात आलं की त्यांना ते ऐकू येतं की नाही कोण जाणे. शेवटी त्यांनी लाल पेन उचललं.

"सहाव्या वर्षाची बेरीज चुकली आहे. बेचाळीस नाही, एक्केचाळीस. रेन पक्षी दोनदा धरलाय." त्यांनी आकडा खोडून नवा लिहिला. "दोन पुऱ्या."

बरोबर होतं. रेन दोनदा धरला होता.

मग त्यांनी चष्मा काढला. "मेधा, त्याचा आवाज कसा असतो गं आता? पूर्वीसारखाच?"

"मला पूर्वीचा माहीत नाही, सिस्टर. बारीक चाक फिरल्यासारखा. शेवटी जरा गिरकी घेतो."

"गिरकी घेतो," सिस्टर म्हणाल्या. "हो. घेतो खरा." आणि त्या हसल्या, अगदी मोकळ्या. "आहे म्हणजे! दोन वर्षं मी त्याचं सुतक पाळलं आणि मेला तिथंच बसून ओरडतोय!"

मेधा रडायला लागली. सिस्टरनी तिला टिश्यूचा डबा सरकवला, बाराशे वेळा सरकवला असेल तसा. "रडायचं काय त्यात? ज्या दिवशी ठोके ऐकू येईनात त्या दिवशी नळी दुसरीच्या हातात द्यायची, एवढं मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. न दिली तर बाळ जातं."

त्याच रात्री जेवणाआधी त्यांनी पाहणीच्या ऑफिसला पत्र लिहिलं, मजकूर मला सांगून. गेल्या दोन वर्षांचे माझे शून्य हे शून्य नाहीत. 'नाही' आणि 'मला ऐकू आलं नाही' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कृपया चारही रकाने रिकामे करावेत. चोवीस वर्षं आकड्यांत काढून मला हे इतक्या नेमक्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं.

पुढं कानांची तपासणी झाली. आलेखाची रेघ उजवीकडं कड्यावरून पडल्यासारखी खाली गेलेली, सिस्टरनी तो मला दाखवला आणि म्हणाल्या, "तुझ्या तक्त्याशी जुळतं." यंत्रं मिळाली. त्यानं खंड्या परत आला, बाकीचे तिघं नाहीत. "अभय मात्र फार ऐकू यायला लागलाय," अशी त्यांची तक्रार होती.

दहावं वर्ष. जूनचा पहिला रविवार. सहाव्या थांब्यावर सिस्टरनी तळवा फाटकावर ठेवला नाही. त्यांनी अभयकडं हात पुढं केला.

"आण ते."

अभयला कळेना. मग त्यानं गळ्यातली दुर्बीण काढून दिली, दोन्ही हातांनी, देवळात नारळ देतात तशी.

"कुठं, मेधा?"

"वरती. उजवीकडं. त्या पुढं आलेल्या फांदीच्या टोकाशी."

सिस्टरनी दुर्बीण डोळ्यांना लावली. अभयनं मागून कोपरांना आधार दिला. खूप वेळ काही नाही. मग त्या पुटपुटल्या, "अगं बाई." त्यांनी गोल्डक्रेस्ट हजारदा ऐकला होता, इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. "डोक्यावर पिवळा पट्टा आहे की रे. हळदीच्या मळवटासारखा. तोंड उघडतोय. अख्खा थरथरतोय बघा गातोय तर! एवढासा जीव आणि काय जोर!" दुर्बीण न काढता त्यांनी दुसऱ्या हातानं घड्याळ चाचपलं आणि मला वाचायला लावलं.

"पाच बेचाळीस," मी म्हणालो.

"गोल्डक्रेस्ट. नर. पाच बेचाळीस. आवाज..." त्या थांबल्या आणि मेधाकडं वळल्या.

"खणखणीत," मेधा म्हणाली.

"लिही."

त्या वर्षी बेरीज एक्केचाळीस आली. मी ती तीनदा तपासली. परत आल्यावर सिस्टरनी फडक्यात गुंडाळलेला डबा टेबलावर ठेवला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पुऱ्या केल्या होत्या. एकही गोल नव्हती.

"हिशेब सांग," मला म्हणाल्या.

मेधाकडून चुकीचा दंड तीन वेळा, दोन प्रमाणे सहा, परत. न्यायाधीशाच्या तीन चुका, पहिल्या पानावरच्या नियमाप्रमाणे चार दराने बारा. एकूण अठरा.

"आणि ह्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, त्याचं?" मेधानं माझ्याकडं बोट दाखवलं. त्या मंगळवारी मी तिच्याजवळ तशी कबुली दिली होती.

"त्याचा नियम नाही," मी म्हणालो.

"ठेव डब्यात दोन," सिस्टर म्हणाल्या. "नियम झाला."

गेल्या हिवाळ्यात सिस्टर बर्मिंगहॅमला भाचीकडं राहायला गेल्या. जाताना घड्याळ त्यांनी मेधाच्या स्वेटरला टाचलं. ती डोळे मिटून ऐकते, म्हणून वेळ अजून मलाच वाचून सांगावी लागते. तक्त्यावर निरीक्षक म्हणून आता तिचं नाव जातं. वही माझ्याकडंच आहे. दहाव्या वर्षाच्या पानावर शेवटी अशी नोंद आहे: अदा, सिस्टरकडून मेधाला, पुऱ्या अठरा, माझ्याकडून मेधाला, दोन, बाकी काही नाही. त्याखाली पोच मेधाच्या अक्षरात: वीस मिळाल्या. अठरांत मीठ जास्त.